मुलांच्या गेममध्ये अनोळखी माणूस शिरतो, तेव्हा कंपनी किती जबाबदार?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने रोब्लॉक्स या गेमिंग कंपनीला कोर्टात खेचलं. पाठोपाठ केंटकी आणि टेक्सास या राज्यांनीही दावे लावले. त्याआधीपासून कितीतरी कुटुंबांचे खटले चालू होतेच. ते इतके वाढले, की डिसेंबर २०२५ मध्ये संघीय न्यायालयांमधले असे खटले उत्तर कॅलिफोर्नियातल्या एकाच न्यायालयाकडे सोपवावे लागले. या कुटुंबांच्या तक्रारींचा गाभा थोड्याफार फरकाने सारखाच आहे: आमच्या मुलाला या गेममध्ये एका प्रौढ माणसाने गाठलं, आणि त्याला ते जमलं कारण कंपनीने गेमच तसा बांधला होता. कंपनी हे आरोप नाकारते, आणि आरोप झाला म्हणजे तो सिद्ध झाला असं नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवं.

अशा बातम्या वाचल्या की बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. गुन्हा त्या माणसाने केला, मग कंपनीला का धरायचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर हे गेम आतून कसे चालतात, इथून सुरुवात करावी लागते.

खेळाच्या आत भरलेली गर्दी

ज्यांनी लहानपणी कॉम्प्युटरवर गेम खेळले, त्यांच्या डोळ्यांसमोर एकटा खेळाडू आणि समोरचा पडदा एवढंच असतं. आजचे मुलांमध्ये लोकप्रिय असलेले गेम तसे नाहीत. रोब्लॉक्स २००६ साली सुरू झालं. तिथले गेम कंपनी स्वतः बनवत नाही, वापरणारेच बनवतात, आणि तेही लाखोंच्या संख्येने. २०२५ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत रोज सरासरी ११ कोटींहून अधिक लोक तिथे येत होते. त्यांत १३ वर्षांखालच्या मुलांचा वाटा फार मोठा आहे. तिथे चॅट आहे, मित्रांची यादी आहे, आवाजाने बोलण्याची सोय आहे, आणि 'रोबक्स' नावाचं आभासी चलनही आहे.

मूल रोज परत येतं ते बहुतेकदा खेळापेक्षा तिथे भेटणाऱ्या माणसांसाठी. कंपनीचा धंदाही याच ओढीवर उभा आहे. त्यामुळे मुलाचा अनोळखी माणसांशी संबंध येणं हा इथे अपघात नाही, ती या उत्पादनाची मूळ सोय आहे. ही सोय कुणासाठी उघडी ठेवायची, कुणासाठी बंद, हे गेम बांधणाराच ठरवतो.

गाठण्याची रीत

मुलाचा विश्वास हळूहळू कमावून त्याला लैंगिक शोषणापर्यंत नेण्याच्या पद्धतीला 'ग्रूमिंग' म्हणतात. खटल्यांमध्ये आणि पोलिसांच्या तपासात तिचं चित्र पुन्हा पुन्हा जवळपास एकाच क्रमाने येतं.

समजा, ११ वर्षांची मुलगी एका टप्प्यावर अडकली आहे. कुणीतरी मदतीला येतो. त्याच्या खात्यावर वय १३ आहे आणि फोटोच्या जागी कार्टूनचा चेहरा. तो दोन-तीन दिवस तिच्यासोबत खेळतो, छान खेळतेस म्हणतो. मग थोडे रोबक्स भेट देतो. ज्या पोशाखासाठी ती घरी आठवडाभर हट्ट करत होती, तो तिला फुकट मिळतो. त्यानंतर तो म्हणतो, 'इथे चॅटमध्ये शब्द कापले जातात, त्या दुसऱ्या ॲपवर ये.' तिकडे गेल्यावर गोष्टी खाजगी होतात. आईवडिलांशी झालेलं भांडण, शाळेतला राग, सगळं त्याला सांगितलं जातं. मग फोटो मागितला जातो. पहिला साधा असतो, पुढचा नसतो. आणि तो हाती आला की भाषा एका क्षणात बदलते: आणखी पाठव, नाहीतर हा सगळ्यांना दाखवतो. फोटोच्या जोरावर केलेल्या या धमकावणीला 'सेक्सटॉर्शन' म्हणतात. काही वेळा मागणी पैशांची असते, काही वेळा भेटीची.

मुलगी घरी का सांगत नाही? लाज वाटते हे तर खरंच. पण त्याच्याइतकीच मोठी भीती असते ती गेम आणि फोन काढून घेतला जाण्याची. गुन्हेगाराला हे पक्कं ठाऊक असतं.

अमेरिकेत नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन ही संस्था अशा तक्रारी गोळा करते. मुलांना ऑनलाइन फूस लावण्याच्या तिच्याकडच्या नोंदी २०२३ मध्ये सुमारे १ लाख ८६ हजार होत्या. २०२४ मध्ये त्या ५ लाख ४६ हजारांच्या पुढे गेल्या. त्याच वर्षी तिथल्या कायद्याने कंपन्यांना अशा घटना कळवणं बंधनकारक केलं, त्यामुळे ही सगळी वाढ गुन्ह्यांची मानता येत नाही. शिवाय हे आकडे सगळ्या इंटरनेटचे आहेत, एकट्या गेमचे नाहीत. तरीही आकडा पाहून पोटात गोळा येतो.

आता तो क्रम पुन्हा एकदा बघा, या वेळी कंपनीच्या बाजूने. ४० वर्षांच्या माणसाला १३ वर्षांचा म्हणून खातं उघडता येतं का? अनोळखी खात्याला लहान मुलाला थेट मेसेज करता येतो का? भेटवस्तू पाठवताना काही अडवणूक होते का? एकदा हाकलून दिलेला माणूस नवा ईमेल टाकून दहा मिनिटांत परत येऊ शकतो का? मुलाने 'तक्रार करा' हे बटण दाबलं, तर पलीकडे ते कुणी वाचतं का? यातला एकही प्रश्न गुन्हेगार काय बोलला याबद्दलचा नाही. सगळे प्रश्न गेम कसा बांधला आहे याबद्दलचे आहेत, आणि कायद्याची सगळी लढाई याच फरकावर चालू आहे.

कंपन्यांची ढाल: १९९६ चा कायदा

१९९५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात प्रॉडिजी नावाच्या ऑनलाइन सेवेवर बदनामीचा खटला चालला. ही सेवा आपल्या चर्चामंचावरचा घाणेरडा मजकूर काढून टाकत असे. न्यायालय म्हणालं, तुम्ही मजकुराची निवड करता ना, मग तुम्ही प्रकाशक आहात, तेव्हा लोकांनी लिहिलेल्याची जबाबदारी तुमचीच. म्हणजे जो साफसफाई करेल तो अडकेल, आणि जो डोळे मिटून बसेल तो सुटेल असा उलटा न्याय झाला. तो दुरुस्त करायला अमेरिकी संसदेने १९९६ मध्ये 'कलम २३०' आणलं. त्याचा सारांश असा: वापरणाऱ्यांनी टाकलेल्या मजकुरासाठी सेवा चालवणाऱ्याला प्रकाशक मानायचं नाही, आणि वाईट मजकूर प्रामाणिकपणे काढला म्हणून त्याला शिक्षाही करायची नाही.

हेतू चांगला होता. कलम २३० नसतं तर आजचं खुलं इंटरनेट उभं राहिलं नसतं, हे म्हणणं मला पटतं. पण पुढे न्यायालयांनी ही ढाल फार रुंद केली. १३ वर्षांच्या एका मुलीने मायस्पेस या सोशल मीडिया साइटवर आपलं वय १८ सांगून खातं उघडलं, तिथे ओळख झालेल्या १९ वर्षांच्या मुलाने भेटीत तिच्यावर अत्याचार केला. वय पडताळण्याची साधी काळजीही कंपनीने घेतली नाही, असा तिच्या कुटुंबाचा दावा होता. २००८ मध्ये अपील न्यायालयाने कलम २३० वर बोट ठेवून तो फेटाळला. त्या दोघांमधला संवाद हा 'वापरणाऱ्यांचा मजकूर' ठरला, आणि कंपनीने काय करायला हवं होतं यावर सुनावणीच झाली नाही. त्यानंतरची कितीतरी वर्षं अशी प्रकरणं दारातच अडत राहिली.

बोलण्यावरून बांधणीवर

इथे एका उदाहरणाचा आधार घेतो. जलतरण तलावात एखाद्याने मुलाला ढकललं, तर ढकलणारा गुन्हेगार आहेच. पण तलावाच्या मालकाने खोलीचे आकडे लिहिले नसतील, जीवरक्षक ठेवला नसेल, लहान मुलांचा भाग वेगळा केला नसेल, आणि याआधी तिथे अशाच घटना घडल्याचं त्याला माहीत असेल, तर त्यालाही जाब विचारला जातो. मुलाला कुणी ढकललं हा एक प्रश्न आणि तलाव कसा बांधला हा दुसरा. एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा सुटत नाही.

अमेरिकी वकिलांनी गेल्या काही वर्षांत हीच वाट धरली. २०२१ मध्ये स्नॅपचॅटविरुद्धच्या एका खटल्यात नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. या ॲपमध्ये गाडीचा वेग फोटोवर दाखवण्याची सोय होती. ठरावीक वेग गाठला की ॲप बक्षीस देतं, असा समज तरुणांमध्ये पसरला होता. भरधाव गाडी झाडावर आदळून तिघे तरुण गेले. न्यायालय म्हणालं, पालक इथे कुणाच्याही फोटोबद्दल किंवा मजकुराबद्दल तक्रार करत नाहीत. धोकादायक सोय कंपनीने स्वतः बनवली, एवढंच ते म्हणत आहेत. तेव्हा कलम २३० इथे लागू होत नाही.

पुढच्याच वर्षी ओरेगॉनमधल्या न्यायालयात ओमेगलचं प्रकरण आलं. ही साइट दोन अनोळखी माणसांना समोरासमोर व्हिडिओवर आणायची. तिने ११ वर्षांच्या एका मुलीची गाठ एका प्रौढ पुरुषाशी घालून दिली, आणि पुढे तीन वर्षं तिचं शोषण झालं. वकिलांनी नेमका मुद्दा पकडला: दोघांमध्ये एक शब्दही बोलला जाण्याआधी कंपनीने जोडी लावलेली होती. लहान मुलं आणि प्रौढ यांची जोडी लागणारच नाही अशी साइट बांधता आली असती, आणि त्यासाठी कुणाचा एकही मेसेज वाचावा लागला नसता. न्यायालयाने खटला पुढे चालू दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली, आणि १४ वर्षं चाललेली ओमेगल बंद पडली.

सगळी न्यायालयं या वाटेने चाललेली नाहीत. बांधणी कुठे संपते आणि मजकूर कुठे सुरू होतो, यावर अजून मतभेद आहेत. चॅटची सोय हा मजकूर मानायचा की बांधणी? मित्र सुचवणारी यंत्रणा? पुढची अनेक वर्षं वकील यावरच भांडणार आहेत.

फोर्टनाइटचं प्रकरण जरा जवळून

सगळ्या प्रकरणांत मला सर्वात बोलकं वाटतं ते फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीचं. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताच्या सरकारी यंत्रणेने डिसेंबर २०२२ मध्ये ते मिटवलं. फोर्टनाइट या गेममध्ये मजकूर आणि आवाजाची चॅट आपोआप चालू असे. गेममध्ये मुलं आणि किशोर अनोळखी लोकांबरोबर जोडले जात, आणि त्यांच्याशी थेट बोलणं सुरू होई. मुलांना धमक्या आल्या, त्रास झाला, त्यात लैंगिक स्वरूपाचाही होता. यंत्रणेच्या तक्रारीत पुढे लिहिलं आहे की कंपनीतलेच कर्मचारी २०१७ पासून सांगत होते, ही चॅट मुळात बंद ठेवा, ज्याला हवी तो चालू करेल. कंपनीने लगेच ऐकलं नाही. नंतर आवाजाची चॅट बंद करायचं बटण दिलं, पण ते सहज सापडेल अशा जागी नव्हतं.

एकूण रक्कम ५२ कोटी डॉलरची ठरली. त्यातले २७.५ कोटी हा मुलांच्या खाजगी माहितीच्या कायद्याखालचा दंड होता. १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी, असं हा १९९८ चा कायदा सांगतो. उरलेले २४.५ कोटी नकळत खरेदी झालेल्या ग्राहकांना परत द्यायचे होते. पण माझ्या लेखी आकड्यापेक्षा मोठी गोष्ट आदेशातली आहे: मुलं आणि किशोर यांच्यासाठी चॅट मुळातच बंद असली पाहिजे. जे कर्मचारी पाच वर्षं सांगत होते, तेच शेवटी सरकारी आदेशाने करावं लागलं.

'मुळातच' या शब्दावर मी अडून बसतो, कारण सेटिंगमध्ये जाऊन बदल करणारे लोक थोडे असतात हे प्रत्येक कंपनीला माहीत असतं. जे आधीपासून चालू असतं ते बहुतेकांच्या बाबतीत कायम चालूच राहतं. म्हणून बटण दिलं एवढ्याने भागत नाही, ते आधी कोणत्या बाजूला होतं हे विचारायला हवं.

कंपनीचे स्वतःचे शब्द

दुसरी एक वाट राज्यांनी धरली आहे, आणि ती सोपी आहे. कंपनी पालकांना 'आमचा गेम मुलांसाठी सुरक्षित आहे' असं सांगत असेल आणि आत तिला वेगळं दिसत असेल, तर ती ग्राहकाची फसवणूक होते. इथे कलम २३० ची ढाल चालवणं अवघड जातं, कारण हे शब्द कुणा वापरणाऱ्याचे नाहीत, कंपनीचे आहेत.

'पण आईवडील काय करत होते?'

हा आक्षेप सर्वात आधी येतो आणि पालकांना सर्वात जास्त लागतो. पालकांची जबाबदारी आहेच, ती कुणी नाकारत नाही. पण पालकाला काय दिसतं आणि कंपनीला काय दिसतं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पालकाला दिसतं मूल आणि हातातला रंगीत गेम. कंपनीला दिसतं की एक खातं आज ५० लहान मुलांना मित्र व्हायची विनंती पाठवून बसलं आहे, त्याच्यावर आधी चार तक्रारी आहेत, आणि ते प्रत्येकाला दुसऱ्या ॲपवर बोलावतं आहे. ज्याला धोका दिसतो, त्याने तो रोखायला हात हलवणं ही माफक अपेक्षा आहे.

'एवढ्या मेसेजवर लक्ष कोण ठेवणार?'

प्रत्येक मेसेज वाचा, असं कुणी मागत नाही. एकही गुन्हा घडता कामा नये, असंही कायदा म्हणत नाही. माहीत असलेल्या धोक्याविरुद्ध वाजवी काळजी घेतली का, एवढाच प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रोब्लॉक्सने १३ वर्षांखालच्या मुलांसाठी गेमबाहेरचे थेट मेसेज बंद केले. जानेवारी २०२६ पासून चॅट वापरायची तर चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेणारी किंवा दुसरी तपासणी आवश्यक केली आणि वयोगटानुसार बोलणं वेगळं केलं. या चांगल्या सुधारणा आहेत. त्या आधी का झाल्या नाहीत, हे कुटुंबांचे वकील विचारणारच.

यात कायद्याचा एक बारकावा आहे. नंतर सुधारणा केली म्हणजे आधी चूक होती, असा पुरावा अमेरिकी संघीय न्यायालयात चालत नाही. नाहीतर कंपन्या सुधारणाच करणार नाहीत. पण 'हे शक्यच नव्हतं' असं कंपनी म्हणाली, तर तीच सुधारणा तिच्यासमोर ठेवता येते.

'वय तपासायचं म्हणजे सगळ्यांची ओळखपत्रं?'

हा आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या चॅट ॲपच्या कंपनीने सांगितलं की तिच्या एका बाहेरच्या सेवा-पुरवठादाराकडून सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. वयाबाबतच्या तक्रारींसाठी लोकांनी ते दिले होते. म्हणजे मुलांना वाचवण्यासाठी गोळा केलेली कागदपत्रं दुसऱ्याच चोराच्या हाती. चेहऱ्यावरून वय ओळखणारी यंत्रणाही चकते. व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून लोकांनी ती फसवल्याचं २०२५ मध्ये दिसलं.

पण यातून कंपनीने काहीच करू नये असा निष्कर्ष निघत नाही. उलट बाजूने बांधता येतं. वय माहीत नसलेलं प्रत्येक खातं मुलाचं समजून सुरक्षित ठेवायचं: अनोळखी मेसेज बंद, भेटवस्तू बंद, बाहेरच्या ॲपचे पत्ते अडवलेले. ज्या प्रौढाला मोकळी चॅट हवी आहे, त्यानेच वय सिद्ध करावं. मुलाकडून काहीच मागावं लागत नाही. कंपन्यांना हे नकोसं वाटतं कारण वापर घटतो, हे मान्य आहे. तो त्या धंद्याचा खर्च आहे.

'अटी मान्य केल्या होत्या ना?'

खातं उघडताना दाबलेल्या 'मान्य आहे' या बटणामागे बहुधा लवादाचं कलम असतं. म्हणजे वाद झाला तर उघड न्यायालयात जायचं नाही, खाजगी पंचापुढे बंद दाराआड मिटवायचा. मूल अल्पवयीन असल्याने तो करार त्याच्यावर बंधनकारक आहे का, हा वाद आहेच. शिवाय २०२२ पासून लागू असलेल्या अमेरिकी कायद्याने लैंगिक अत्याचार आणि लैंगिक छळाच्या प्रकरणांत पीडिताला सक्तीचा लवाद नाकारता येतो. कुटुंबं आता त्याचाच आधार घेत आहेत.

इतर देश काय करतात

अमेरिकेत बहुतेक गोष्टी इजा झाल्यानंतर न्यायालयात ठरतात. ब्रिटनने आधीच कर्तव्य लादलं. तिथल्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टची मुलांच्या संरक्षणाची कलमं २५ जुलै २०२५ पासून लागू आहेत. आपल्या सेवेत मुलांना कोणता धोका आहे याचा आढावा कंपनीने स्वतः लिहून ठेवायचा आणि त्यावर उपाय करायचे. चुकली तर १.८ कोटी पौंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्के, यातलं जे मोठं असेल तितका दंड होऊ शकतो. युरोपीय संघाच्या कायद्यात ही मर्यादा ६ टक्के आहे.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा वेगळा कायदा आला, पण त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती आणि २०० कोटी रुपयांपर्यंतचा दंड आहे. तोही मुलाच्या माहितीबद्दलचा. गेममध्ये मुलापर्यंत कोण पोचू शकतं, याचं थेट उत्तर या दोन्ही कायद्यांत सापडत नाही.

कागदपत्रांचं महत्त्व

खटला पुढे सरकला की अमेरिकेत एक टप्पा येतो. दोन्ही बाजूंना आपापली कागदपत्रं समोरच्याला द्यावी लागतात. कंपनीच्या आतले ईमेल, बैठकांच्या नोंदी, 'हे बदलू या' असं कुणी कधी सुचवलं आणि ते कुणी का थांबवलं, हे सगळं बाहेर येऊ शकतं. म्हणूनच खटला दारात अडणं आणि आत जाणं यात एवढा फरक आहे. तडजोडीची रक्कम वर्तमानपत्रात येते. पण पुढचे कायदे आणि पुढचे खटले उभे राहतात ते या कागदांवर.

पुराव्याची हीच गोष्ट घरालाही लागू होते. मूल घाबरून सांगायला आलं, तर बहुतेक पालक आधी खातं बंद करतात आणि चॅट पुसतात. तसं करू नका. समोरच्याचं युजरनेम, चॅटचे स्क्रीनशॉट, तारखा, भेटवस्तूंच्या नोंदी जपून ठेवा, आणि मग पोलिसांकडे व कंपनीकडे लेखी तक्रार करा. पैसे किंवा आणखी फोटो देऊ नका, धमकी थांबत नाही. मुलाचे नग्न फोटो असतील, तर त्यांच्या प्रती काढू नका, कुणाला पुढे पाठवू नका. ते पोलिसांना दाखवा. वर उल्लेख आलेल्या अमेरिकी संस्थेची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा अशा वेळी उपयोगी पडते. ती फोटो मागत नाही. फोटो तुमच्याच उपकरणावर राहतो, त्याची फक्त एक आकडी खूण तयार होते, आणि सहभागी कंपन्या ती खूण जुळवून आपल्याकडचे फोटो शोधून काढू शकतात. कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि वेळही लिहून ठेवा. आपल्याला कधी कळवलं गेलं, हे कंपनीने उद्या नाकारलं, तर तोच कागद कामी येतो.